दुसऱ्या लग्नाचं रुखवत

ठाकुर्ली,
४ डिसेंबर

प्रिय संचिता,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून पत्र न उघडताच फाडलं नसशील, अशी आशा आहे. फाडलं असशील तरी याची झेरॉक्स माझ्याकडे आहे, मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. फोनवर आपलं दोन मिनिटांच्या वर जमत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर त्या निळ्या रेघा उमटायची वाट बघत बसायची माझ्यात ताकद नाही. म्हणून हे पत्र. बाबा ते घेऊन घोडबंदर रोडला तुझ्या फ्लॅटवर येतील. त्यांना चहात साखर अर्धाच चमचा घाल, ते काहीही सांगोत.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तू फोन करून सांगितलंस की तू आणि देवेश लग्न करताय. ठाण्याला नोंदणी आणि नंतर साठ माणसांचं जेवण. आणि मी काय बोलले? “दुसरेपणाला रुखवत-बिखवत मांडत नाहीत हं, मला त्यात धरू नकोस.” अगं, तू रुखवताचं नावसुद्धा काढलं नव्हतंस! तीस वर्षं लोकांच्या मुलींची रुखवतं करून देतेय, तर माझ्या मेलीच्या तोंडात आधी तेच आलं. तू “बरं, आई” म्हणून फोन ठेवलास, तो ठेवलासच. लग्नाची तारीखसुद्धा मला बाबांच्या शर्टाच्या खिशातल्या चिठ्ठीवरून कळली, कपडे धुवायला टाकताना. अठरा डिसेंबर. बादलीपाशी उभ्या उभ्याच मी ठरवलं की रुखवत होणार, आणि ते मीच करणार. ते मांडायला मला तुझ्या लग्नात येऊ द्यायचं की नाही, हे तुझ्या हातात आहे. पण करण्यापासून मला कोणी अडवू शकत नाही.

आता अडचण अशी, की हाताने रुखवत करायचं तर तीन महिने लागतात, आणि माझ्याकडे होता एक महिना. त्यात माझा उजवा अंगठा. डॉक्टरांनी कटर हातात धरायचाच नाही म्हणून बजावलंय. थर्माकोल बंद होऊन त्याच्या जागी तो टणक सनबोर्ड आला, तेव्हापासून तो जास्तच दुखतो. तू नाशिकच्या सासरहून कायमची परत आलीस, तेव्हा मागे लागली होतीस, आठवतं? आई, कटिंग मशीन घे, व्हायनलची चिकट शीट आपोआप कापतं, तुझा अंगठा वाचेल. मला व्हिडिओ पाठवायचीस. आणि मी म्हणायची, मशीनचं रुखवत म्हणजे हॉटेलातून आणलेला नैवेद्य. मग काय, आता त्याच मशीनसाठी गावभर फिरायची वेळ आली. जिला यातलं सगळं कळतं, तिलाच विचारायची सोय नाही. खूपदा तुझा नंबर काढला आणि परत ठेवला.

पहिल्यांदा गेले ठाण्याच्या त्या मोठ्या शोरूममध्ये. काय एसी, काय दिवे! तिथल्या सेल्समनने एक छोटंसं पांढरं मशीन लावून झर्रकन “हॅपी बर्थडे” कापून दाखवलं, इंग्रजीत. मी म्हटलं, छान आहे हो, आता मराठीत “संचिता देवेश” कापून दाखवा. त्याने टाईप केलं, मशीन गुणगुणलं, आणि कागद सोलला तर काय, तुझ्या नावाचे बारीक बारीक तुकडे! प्रत्येक अक्षराच्या डोक्यावरची रेघ वेगळी, वेलांटी वेगळी, काना वेगळा. हातात धरताच सगळं गळून पडलं. तो म्हणाला, “मॅडम, इंग्लिशमध्ये करा ना, रॉयल दिसतं.” रॉयल म्हणे! मी तिथल्या तिथे पर्स उचलली. तुझ्या नावाचे ते तुकडे मात्र कागदात गुंडाळून बरोबर घेतले.

मग टिटवाळ्याला एका बाईंकडे जुनं मशीन विकायला आहे असं कळलं. बाबांना घेऊन गेले. बाईंनी लॉकडाऊनमध्ये हौसेने घेतलेलं, आणि आता त्यावर त्या इस्त्रीचे कपडे ठेवत होत्या. मशीन होतं ठणठणीत, पण त्याची पाती आता कुठे मिळत नाहीत, आणि कागद धरून ठेवायची चिकट चटईसुद्धा नाही. बाबा म्हणाले, घेऊन टाक, स्वस्त आहे. मी म्हटलं, बिनपात्याची विळी स्वस्तात घेऊन काय तिच्यावर पाट मांडून बसू? आलो परत हात हलवत.

शेवटी अक्कल शिकवली ती आपल्या डोंबिवलीच्या रेडियमवाल्या मारुतीने. गाड्यांवर नावं लावतो तो, ज्याच्याकडून मी वर्षानुवर्षं सोनेरी शीट आणते. त्याला ते तुकडे दाखवले तर तो पोट धरून हसला. म्हणाला, “काकू, मशीनचा दोष नाही. त्याला मराठी अक्षरं सुटी सुटी दिसतात. कापायच्या आधी कॉम्प्युटरवर ती एकमेकांत मिळवून एकसंध करायची असतात. शोरूमवाल्याला तेच माहीत नाही.” तीन क्लिकचं काम, त्याने मला तिथेच करून दाखवलं. वर हेही सांगितलं की पातं जवळपास मिळतं का बघा, इंटरनेट नसताना चालतं का बघा, आणि जाड पुठ्ठा कापतं का ते स्वतः कापून बघा, सांगण्यावर जाऊ नका. मग म्हणाला, कशाला एवढा खटाटोप, यादी द्या, माझ्या मोठ्या मशीनवर दोन तासांत सगळं कापून देतो. मनाने फार चांगला आहे. पण मी नाही म्हटलं. लेकीचं रुखवत मी दुकानातून कापून आणणार नाही.

दुसऱ्या दिवशी पेन ड्राइव्हवर तुमची एकसंध केलेली नावं घेऊन पुन्हा त्याच शोरूममध्ये हजर! त्याच पांढऱ्या मशीनवर तुझं नाव अखंड निघालं, एक वेलांटी हलली नाही. मग मी त्याच्याशेजारचं, एक नंबर वरचं मशीन निवडलं, कारण पांढऱ्याला जाड पुठ्ठा झेपेना, आणि याची पाती मारुतीच्या शेजारच्या दुकानात मिळतात. सेल्समनला जाता जाता अक्षरं जोडायला शिकवून आले. फुकट.

घरी आणल्यावर पहिल्या दिवशी मी पातं जरा जास्तच खोल लावलं आणि निम्मी चटई कापून ठेवली. दुसऱ्या दिवशी हात बसला. कापून झालं की नको असलेलं व्हायनल आकडीने उचलून काढायचं असतं. बाबा आणि मी जेवणाच्या टेबलावर मेथी निवडल्यासारखे समोरासमोर बसून ते करतो. बाबांचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, हे लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर कळलं. वन्सं मध्ये येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, “दुसरेपणाला रुखवत? लोक हसतील हो, वहिनी.” मी म्हटलं, हसू देत, तुम्हीही या हसायला, जेवण चांगलं आहे. बोलले खरी, पण माझेच शब्द त्यांच्या तोंडून ऐकल्यावर कळलं, तुला ते कसे लागले असतील. चुकलंच माझं, बाळा.

या वेळी तुळशीवृंदावन नाही, सुपारीचे भटजी नाहीत, मांडून बघायचं काहीच नाही. सगळं वापरायचं. तुझ्या स्वयंपाकघरासाठी काचेच्या बरण्या घेतल्यात, त्यांवर नावं लावलीत. पोहे, साबुदाणा, गूळ, देवेशचा मसाला चहा. एका बरणीवर “यात काय आहे ते उघडून बघा” असं लावलंय, कारण मी तुला ओळखते. दारावरची पाटी आहे, तुझं आडनाव आहे तेच ठेवलंय. जाड पुठ्ठ्याचे दोन कंदील आहेत. सगळ्या मिळून अकरा वस्तू.

आता जे लिहायला बसले होते ते लिहिते. सहा वर्षं झाली. तुझ्या पहिल्या लग्नाला चार दिवस होते, दुपारची वेळ होती, आणि आपल्या हॉलमध्ये जमिनीवर एक्केचाळीस वस्तू मांडलेल्या. मी सुपाऱ्यांची बैलजोडी चिकटवत होते. तू शेजारी येऊन बसलीस आणि हळूच म्हणालीस, “आई, मला हे लग्न नकोय गं.” मी ऐकलं. इतकी वर्षं स्वतःला सांगत आलेय की पंख्याच्या आवाजात नीट ऐकू आलं नव्हतं. खोटं आहे ते. पंखा बंद होता, तुकडे उडतात म्हणून मीच बंद केला होता. आणि मी म्हणाले, “आता? एवढं सगळं करून झाल्यावर? हा बैल धर जरा, गोंद सुकेपर्यंत.” तू धरलास. दहा मिनिटं तो बैल दोन बोटांत धरून बसलीस आणि पुन्हा तो विषय काढला नाहीस. त्यानंतर अडीच वर्षं त्या घरात तू काय काय सोसलंस ते मला तुकड्या-तुकड्याने कळलं, आणि दर वेळी मला तुझी ती दोन बोटं दिसायची. सगळ्यांनी त्या रुखवताचं कौतुक केलं, मी ते मिरवून घेतलं. माफ कर म्हणायला तोंड नाही, तरी म्हणते. माफ कर.

हे पत्र मशीनसाठी नाही, रुखवतासाठीही नाही. तेव्हा जे विचारायला हवं होतं ते विचारण्यासाठी आहे. संचिता, तुला हे लग्न हवंय ना? मनापासून? देवेश चांगला वाटतो, बाबा तर त्याच्यावर खूश आहेत, पण आमचं सोड, तुझं सांग. नको असेल, नुसती शंका असेल, तरी सांग. अठरा तारखेला सकाळी, सही करायच्या आधी सांगितलंस तरी चालेल. त्या साठ माणसांना मी स्वतः फोन करीन, आणि कोणी का विचारलं तर त्यांच्याशी भांडीन. अकरा वस्तू खोक्यात बांधून माळ्यावर टाकीन, त्याचं मला काही वाटणार नाही. आणि हवं असेल, तर फक्त एवढंच कळव, मी किती वाजता येऊ?

तुझं ऐकायला बसलेली,
तुझीच
आई