दोनशे मीटरची मशाल

३ जानेवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

आधी खाली बस, मग वाच. क्रीडास्पर्धेची मशाल आपल्या रस्त्यावरून जाणार आहे आणि दोनशे मीटर ती तुझ्या बापाच्या हातात असणार आहे! तीस वर्षं मैदानावर पोरांसाठी फक्कीने धावपट्ट्या आखल्या, ते कुणाच्या तरी लक्षात राहिलं. शेजारचा शिंपी म्हणतो, हा स्टोव्ह दुरुस्त करणारा आधी मशालीचा बर्नर साफ करील आणि मग पळेल.

माझा टप्पा पोस्टाच्या कोपऱ्यावर संपतो. चोवीस तारखेला तू तिथे हवीस. आई गेल्यापासून तीन वर्षांत तू घरी फिरकली नाहीस. का, ते विचारत नाही. पण तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलोय.

लोभ आहेच, तो आता डोळ्यांना दिसू दे.
तुझा,
बाबा

११ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न.

पत्र वाचून प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगत सुटले. रक्ताच्या नळ्या तेवढ्या ऐकायच्या राहिल्या! पण बाबा, रजा मिळत नाही. आमच्यातल्या दोघी आजारी आहेत, साहेब ऐकून घेत नाहीत. गुडघ्याला पट्टा बांधा आणि शिंप्याला दाखवायला म्हणून जोरात पळू नका. फोटो नक्की पाठवा.

रागावू नका, माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
ठकी

२६ जानेवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

तुझ्या बापाने नाव काढलं, पण भलतंच. मशाल चांगली जड होती. लोक टाळ्या वाजवत होते, गुडघाही शहाण्यासारखा वागला. कोपऱ्यावर पुढची धावपटू तिची मशाल घेऊन उभी होती. माझ्या ज्योतीवर तिची पेटवायची, एवढंच काम. तेवढ्यात तिच्या मागे गर्दीत निळ्या शालीतली एक पाठमोरी बाई दिसली. तुझीच मान, तुझंच एका पायावर भार टाकून उभं राहणं. वाटलं, आली पोर!

दुकानात घरचं माणूस आलं की आधी गॅस बंद करायचा, मग बोलायचं. चाळीस वर्षांची सवय. हात आपोआप मशालीच्या बुडाशी गेला आणि मी कॉक फिरवला. ज्योत गुल! सोबतच्या गाडीत मूळ ज्योत कंदिलात जपून ठेवलेली असते, तिच्यावरून ती पुन्हा पेटवावी लागली. लोक पोट धरून हसले, मीही हसलो. मग ती बाई वळली. दुसरीच कुणीतरी होती.

ठके, शिंप्याला सांगितलं, म्हातारपणी हात घसरला. खरं तुलाच लिहितोय. तुझी फार आठवण येते गं.

फोटोत मी विझलेली मशाल धरून उभा आहे. तसाच पाठवतोय.
तुझा,
बाबा

२ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न.

मी रजा मागितलीच नव्हती. साहेब बिचारे देव माणूस आहेत, त्यांच्यावर उगाच खापर फोडलं. आईशिवायचं घर बघायची छाती होत नाही, म्हणून दर वेळी काहीतरी कारण काढत आले. तुम्हीही त्याच घरात एकटे राहता, हे तुमचं पत्र वाचेपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नाही.

रविवारी सकाळी येते. रस्त्यावर कुणी नसेल, टाळ्या नसतील. तुम्ही तेवढे फाटकापर्यंत या. आत जाताना माझा हात धरा, मला एकटीला उंबरा ओलांडवणार नाही.

तुमची,
ठकी