सातव्या कोपऱ्यातली फट

प्रिय भिंगरी,

या नावाने हाक मारायचा हक्क मला उरला आहे की नाही, कुणास ठाऊक. पण दुसऱ्या कुठल्या नावाने सुरुवात केली असती तर पत्र बँकेतून आल्यासारखं वाटलं असतं. इकडे सगळं ठीक आहे. बाबांचे गुडघे कुरकुरतात आणि त्यांच्या जोडीने बाबाही. कारखान्याच्या छपरावर नवे पत्रे टाकले. गोल करवत तीच आहे. पट्टा दोनदा बदलला, मोटर एकदा. कोन लावायची तबकडीही तीच, अर्ध्या अर्ध्या अंशाच्या रेघांची. शेजारचा कुलूपवाला अजून सांगतो की तुझ्यासारखी शीळ घालणारा सुतार पुन्हा झाला नाही. तुझ्या सुतारकामाबद्दल मात्र तो अवाक्षर काढत नाही.

तू सहावीत होतास तेव्हा बाह्यकोन काही केल्या तुझ्या डोक्यात शिरत नव्हते. शेवटी मी फरशीवर खडूने पंचकोन काढला आणि तुला त्याच्या रेघेवरून चालायला लावलं. कोपऱ्यावर जितकं वळावं लागतं, तितका तो बाह्यकोन. पाच कोपरे वळून तू निघालास तिथेच, त्याच दिशेला तोंड करून उभा राहिलास. म्हणजे एक पूर्ण गिरकी, तीनशे साठ अंश. मग षट्कोन काढला, अष्टकोन काढला, तरी गिरकी एकच. पुढे आठवडाभर तू जेवणाच्या टेबलाभोवती, आईभोवती, पाणी भरणाऱ्या बाबांभोवती वळत राहिलास आणि आईने तुझं नाव भिंगरी ठेवलं. परीक्षेत नेमका आंतरकोनांचा प्रश्न आला. एकशेऐंशीतून बाह्यकोन वजा केला की आंतरकोन मिळतो, एवढं सांगायचं मी विसरले होते. घरी येऊन तू मला यथेच्छ शिव्या घातल्यास, आणि त्या रास्त होत्या.

आपल्या कामाची पद्धत तुला आठवत असेलच, तरी लिहिते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हिशेब माझा, काप तुझा. मी पातळ फळकुटावर पेन्सिलीने अंश लिहायचे, तू तबकडीवर तेवढेच लावून कापायचास, आणि काम पुरं होईपर्यंत ते फळकूट करवतीमागच्या खिळ्याला टांगलेलं राहायचं. बाबांना हे फारसं पसंत नव्हतं. ते कंपासने अंदाज घेत घेत कोपरे पाडायचे आणि पोरीच्या पेन्सिलीवर लाकूड कापणं म्हणजे जुगार, असं गिऱ्हाइकासमोरही म्हणायचे. मला कारखान्यात घेतलं तेच मुळी तू हट्ट धरलास म्हणून. पहिली चूक झाली की पेन्सिल खाली ठेवायची, असं त्यांनी मला बजावलं होतं. तुला हे मी कधी सांगितलं नाही.

कोपऱ्यात दोन पट्ट्या भेटतात, म्हणून काप बाह्यकोनाच्या निम्म्याचा: षट्कोनाचा तीस अंशांचा, अष्टकोनाचा साडेबावीस, पंचकोनाचा छत्तीस. सगळे तबकडीच्या रेघांवर बरोबर बसणारे. मग वाचनालयाच्या बाई आल्या. त्यांना मुलांच्या खोलीसाठी सात बाजूंचं टेबल हवं होतं, पाच फूट रुंद, भोवती जाड लाकडी कडा. सातच बाजू का, ते त्यांनाच माहीत. तीनशे साठ भागिले सात, एक्कावन्न अंश आणि वर काहीतरी. दोन पट्ट्यांत निम्मा निम्मा वाटला की पंचवीस पूर्णांक एकाहत्तर शतांश. अशी रेघ तबकडीवर नव्हती. मी साडेपंचवीस लिहिलं. पाव अंशाचाही फरक नाही, कुणाला कळणार, असं मला वाटलं. पण सात पट्ट्यांची टोकं चौदा. चौदा वेळा तेवढंच कमी पडलं की तीन अंश होतात. गिरकी तीनशे सत्तावन्न अंशांवर थांबते आणि सातव्या कोपऱ्यात दोन बोटांची फट राहते.

बाई टेबल बघायला आल्या त्याच दुपारी आपण कडा जुळवून पाहत होतो. फट बघून बाबांचं तोंड उतरलं आणि ते तुझ्यावर बरसले. शीळ घालत कापतोस, हात हलला, करवतीपुढे उभं राहायची लायकी नाही, सगळं बाईंच्या देखत. तू रागाने हात धुवायला मागे गेलास. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात साताने गुणून पाहिलं आणि मला कळलं. मी फळकूट खिळ्यावरून काढलं आणि ॲप्रनच्या खिशात टाकलं. तू परत आलास, ताईने लिहिलं तेवढंच कापलंय म्हणालास आणि खिळ्याकडे बोट दाखवलंस. खिळा रिकामा होता. तू माझ्याकडे पाहिलंस. मी काय लिहिलं होतं असं बाबांनी मला विचारलं, आणि मी साडेपंचवीसऐवजी बरोबर आकडा सांगितला, पंचवीस पूर्णांक एकाहत्तर शतांश.

तू घर सोडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी एकेक टोक रंध्याने केसभर तासलं आणि कडा जुळली. तासण्याआधी प्रत्येक काप मोजला. चौदाच्या चौदा साडेपंचवीस, एकही इकडे तिकडे नाही. हललेल्या हाताचे काप असे एकसारखे येत नाहीत. हे बाबांनाही कळलं असतं, पण त्यांनी मोजलं नाही आणि मी मोजलेलं सांगितलं नाही. पोराने बिघडवलेलं पोरीने निस्तरलं, असं ते नऊ वर्षं येईल त्याला सांगत आले. मी ऐकत आले. लाज वाटायची, पण पेन्सिल हातात राहिली याचं बरंही वाटायचं. दोन्ही खरं आहे.

सोमवारी तुझं पत्र आलं. बाबांना आता नजरेमुळे वाचता येत नाही, त्यांची पत्रं मीच वाचून दाखवते. बाबा, हात माझाच हलला असणार, मला माफ करा, असं तू लिहिलं आहेस. ते वाचून दाखवलं असतं तर सगळं गोड झालं असतं. त्यांनी माफ केलं असतं, तू आला असतास आणि मला काहीच करावं लागलं नसतं. दोन दिवस तो कागद माझ्याजवळ होता. आज सकाळी मी त्यांना तुझ्या पत्राऐवजी हे सगळं सांगितलं. मग त्यांनी तुझं पत्र मागितलं, चाचपडत त्याची घडी घातली आणि हे त्याला परत पाठव म्हणाले, ही माफी घ्यायचा आपल्याला हक्क नाही म्हणाले. ते सोबत जोडलं आहे. तो येईल का, असं त्यांनी मला तीनदा विचारलं. मला माहीत नाही असं मी तिन्ही वेळा सांगितलं.

तुझीच,
ताई