जुन्या जबड्यांचा बॅकअप

३ मार्च
पॅकिंग सुटलं! कॉम्प्युटरवाले काका पित्ताशय काढायला गेले आणि सर्व्हरची खोली माझ्या ताब्यात. कवळ्या डब्यांत भरायचे दिवस संपले. लॅबच्या मालकीण मॅडम म्हणाल्या, काका येईपर्यंत नीट सांभाळलंस तर इथेच कायमचा घेते. आईला फोनवर सांगून टाकलं, इंजिनिअर झालो. ती म्हणाली, आठवी नापासाला कोण करतं रे इंजिनिअर? म्हटलं, इकडे हुशारी बघतात.
काका जाताना म्हणाले होते, बॅकअप लाल दिसला तर मला फोन कर, स्वतःचं डोकं चालवू नकोस. माणूस चांगला, पण जुन्या वळणाचा.

४ मार्च
सगळं समजलं. एका खऱ्या मशीनच्या पोटात तीन खोटी मशीनं. त्यांना व्हर्च्युअल म्हणायचं. त्यांची डिस्कही खोटी, म्हणजे नुसती एक भली मोठी फाईल. रोज पहाटे तिघांचा बॅकअप आपोआप होतो. यात अवघड काय?
जागा संपत आल्याची सूचना येतेय. ‘जुने’ नावाचं मशीन तर कायम बंदच. बसून खातंय नुसतं. त्याची डिस्कफाईल पुसली. केवढी जागा झाली! काकांना एवढ्या वर्षांत सुचलं नाही.

५ मार्च, सकाळ
बॅकअप लाल. म्हणे ‘जुने’ची डिस्कफाईल सापडत नाही.
सापडेल कशी? पुसलीये. मशीनला एवढंही कळू नये.

७ मार्च
अजून लाल. रिस्टार्ट केलं. एसी वाढवला. वायरी काढून, पुसून परत लावल्या. मॅडमनी डोकावून विचारलं, ते लाल काय आहे? म्हटलं, अपडेट चाललंय.
काकांना फोन करावा का? नको. टाके ओले आहेत त्यांचे. माणुसकी म्हणून काही असतं.
उद्यापासून मॅन्युअल वाचणार. रोज दहा पानं. म्हणजे दहा.

८ मार्च
मॅन्युअल इंग्रजीत. चित्रं पाहिली.

१० मार्च
जमलं!!! फाईल हवी ना तुला? घे. त्याच नावाची, त्याच मापाची नवी डिस्क बनवून दिली. कोरी करकरीत. बॅकअप हिरवागार! आधी ‘जुने’ला तासभर लागायचा, आता चहा कपात ओतेपर्यंत होतं. स्पीडसुद्धा वाढवली मी. मॅडमना दाखवलं. शाबास नाही म्हणाल्या, पण मान हलवली.

१८ मार्च
एक आजोबा आले. कवळी कुत्र्याने चावून टाकली. मॅडम म्हणाल्या, काळजी नको आजोबा, तुमच्या जबड्याचं माप आहे आमच्याकडे. मग मला, ‘जुने’ चालू कर रे.
म्हणजे त्यात जबडे होते? सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांचे? कोणी सांगायला नको?
चालू केलं. काळा पडदा. मॅडमना म्हटलं, थंड पडलंय, वेळ लागेल.
घाबरायचं कारण नाही. बॅकअप आहे.

१८ मार्च, दुपार
कालचा बॅकअप परत आणला. ‘यशस्वी’ म्हणालं. आत कोरं. परवाचा आणला. यशस्वी. कोरं. त्याच्या आधीचा. कोरं. हे सातच ठेवतं म्हणे, नवा आला की सगळ्यात जुना टाकून देतं. चांगले सगळे गेले. माझे हिरवे हिरवे तेवढे राहिले.
देवा, एक जबडा ठेव कुठेतरी. एकच. आजोबांचा.


१९ मार्च
शेवटी काकांना फोन. सगळं सांगितलं, थोडं सोडून. सोडलेलं त्यांनीच विचारून काढलं. मग म्हणाले, लाल झालं त्याच दिवशी का नाही केलास फोन? तेव्हा सातही चांगले होते, पाच मिनिटांचं काम होतं. म्हटलं, तुमचे टाके ओले... म्हणाले, आत्ता तुटले.

२० मार्च
बॅग भरली. परत रिकामी केली. परतीचं तिकीट मॅडमच देणार होत्या, न सांगता पळणार कसा?
जाऊन सांगितलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हात पुढे करून खोलीची किल्ली मागितली. म्हणाल्या, आता एकेका गिऱ्हाइकाला फोन कर आणि पुन्हा माप द्यायला बोलाव. माफी पण तूच मागायची.

२४ मार्च
पहिले आजोबाच आले. मापाचा लगदा मी कालवला. त्यांनी तोंड उघडलं, मग मिटलं आणि माझ्याकडे बघून काहीतरी बोलले. दात नाहीत, मला एक अक्षर कळेना. मॅडमना कळलं. म्हणाल्या, ते विचारताहेत, इथले कॉम्प्युटर इंजिनिअर तुम्हीच का?
म्हटलं, नाही आजोबा. मी पॅकिंगला.