पॉन्टियाकचं इंजिन आणि माझा शांत स्वभाव

४ मे
लोरेटा गेली. टेलर गावाला, मर्लकडे, म्हणजे तिच्या थोरल्या भावाकडे. कारण काय, तर मी टोस्टर खिडकीतून बाहेर फेकला. खिडकी बंद होती हे मला कसं कळणार? काच इतकी लख्ख पुसून ठेवायला तिला कुणी सांगितलं होतं?

दारात उभी राहून म्हणाली, कॅझ, सत्तावीस वर्षं मी स्वतःला समजावत आले की राग तुझ्या हातात नाही. आता एकच सांगते. ती तुझी जुनी पॉन्टियाक गाडी गॅरेजमध्ये सडते आहे. तिचं इंजिन पुन्हा बांध, पण काही न फोडता आणि कुणाला न मारता. सुरू झालं की बोलाव, बॅग घेऊन येते.

बस्स, एवढंच? जन्म गेला माझा मोटारीच्या कारखान्यात. दारं बसवण्यात गेला, पण दार काय नि इंजिन काय. जूनअखेर संपवतो. ऑगस्टमध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मिरवणूक निघेल तेव्हा शेजारच्या सीटवर लोरेटा असेल.

राग हातात नाही हे मात्र खरं. रक्तातच आहे. बाबांनी तर चर्चच्या जेवणात फादरना उकडलेले बटाटे फेकून मारले होते. भांड्यासकट.

९ मे
इंजिन बाहेर काढलं. एक बोल्ट हलेना. त्याला शांतपणे समजावलं. मग हातोड्याने समजावलं. बोल्टचं डोकं उडालं, हातोडा सुटला, बिअरच्या फ्रीजला भोक. हे फोडण्यात धरायचं नाही. फ्रीज इंजिनाचा भाग नाही.

रक्त: डाव्या हाताची दोन बोटं. किरकोळ.

२ जून
पिस्टनवर रिंगा चढवल्या. दिसायला लोखंडी, स्वभाव काचेच्या बांगडीचा. पहिली मोडली. दुसरी मोडली. तिसरी मी मोडली. मग स्टुलाला लाथ घातली. स्टूल कायमचं गेलं, माझा अंगठा काळानिळा.

शेजारच्या मिसेस दुडांनी कुंपणावरून विचारलं, आत कुणाला मारताय का? म्हटलं, नाही हो, इंजिन बांधतोय. म्हणाल्या, देवाचं नाव इतक्यांदा तर आमच्या चर्चमध्येही घेत नाहीत.

मन एकाग्र होतंय. स्वभावात फरक जाणवतो.

२९ जून
मर्ल आला. मदतीला म्हणे. जन्मभर फोर्ड चालवलेला माणूस, पॉन्टियाकला हात लावायची लायकी नाही. तरी आत घेतला. म्हणाला, काय रे कॅझ, हे इंजिन आहे की बोटीचा नांगर? मी हसलो. खरंच हसलो. मग म्हणाला, असं घट्ट करतात होय बोल्ट? तुझ्या कारखान्यातल्या गाड्यांची दारं का गळून पडायची ते आज कळलं.

पुढचं आठवत नाही. मर्लचं म्हणणं, मी तेलाचा भरलेला डबा त्याच्या तोंडावर हाणला. पुढचा दात गेला, तोही नेमका इंजिनात. चुंबक घालून पाहिलं, दात काही चिकटेना. शेवटी चिमट्याने काढला, पुसला, त्याला परत दिला. आभार मानायची पद्धत नाही त्या घराण्यात.

लोरेटाला फोन केला. म्हटलं, डोळ्यांपुढे अंधारी येते गं, हात आपोआप उठतो. ती म्हणाली, माहीत आहे रे मला. पण यापुढे एक जरी झालं ना, तर संपलं.

बायको असावी तर अशी.

२० जुलै
सगळं जोडून झालं. जूनअखेर म्हणालो होतो ते अंदाजाने. कार्बुरेटरचा एक छोटा स्क्रू पिळताना तुटला. मी फोडला नाही, पिळला. त्याच्याशिवाय इंजिन आपलं आपण चालत राहत नाही, वेगाची तार हाताने ओढून धरावी लागते.

अडचण नाही. नव्याने बांधलेलं इंजिन पहिल्यांदा वीस मिनिटं चढ्या आवाजात सलग चालवावंच लागतं. मध्ये थांबलं की आतला कॅम नावाचा दांडा खरवडून निघतो, सगळी मेहनत पाण्यात. तेवढा वेळ तार धरून उभा राहीन. त्यात काय!

३ ऑगस्ट, सकाळ
आज सुरू करणार. लोरेटा बॅग घेऊन निघाली आहे, मर्ल ट्रकने आणून सोडतोय. गोठवलेल्या पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडायच्या करंज्या, फ्रीजमधून बाहेर काढल्या. चादर बदलली.

३ ऑगस्ट, संध्याकाळ
पहिल्या झटक्याला कार्बुरेटरमधून जाळ आला, भुवया गेल्या. दुसऱ्या झटक्याला सुरू! काय आवाज! मी वाकून तार धरली. लोरेटा बॅग घेऊन गॅरेजच्या दारात, डोळे पुसत होती.

मर्ल कानाशी आला. नवा दात बसवलाय. म्हणाला, वीस मिनिटं ना? आता कसा सापडलास, लेका!

पहिली मुस्काटात. मी तार सोडली नाही. मग माझ्या बाबांचा उद्धार केला. मग नाकावर ठोसा, रक्त तापल्या लोखंडावर चुरचुरलं. मग बरगडीत लाथ. ओरडत होता, उठव ना हात! कुठे गेली तुझी अंधारी? मी म्हटलं, मर्ल, हवं तेवढं मार बाबा, फक्त तारेला धक्का लावू नकोस. लोरेटा पुढे आली नाही. माझ्या हाताकडे बघत राहिली.

शेवटी मर्लच दमून खाली बसला. वीस मिनिटं पुरी झाली. मी तार सोडली, इंजिन थांबलं. म्हटलं, बघ लोरेटा! काही फोडलं नाही, कुणाला मारलं नाही!

ती म्हणाली, म्हणजे तुला जमतं.

मी म्हटलं, अगदी सहज!

ती हळू म्हणाली, नाक फुटलं तरी हात हलला नाही तुझा. का, तर इंजिन बिघडेल. मी बिघडेन असं नाही रे वाटलं कधी?

बॅग उचलली आणि मर्लच्या ट्रकमध्ये जाऊन बसली. मर्लसुद्धा म्हणाला, अगं, थांब जरा. थांबली नाही.

४ ऑगस्ट
इंजिन उत्तम आहे. गाडी बाहेर काढली नाही. वुडवर्डला गर्दी फार असते, मला मुळात हौस नाही.

फोन केला. मर्लने उचलला. म्हणाला, ती बोलत नाही. मी त्याला साधी शिवीही दिली नाही. म्हटलं, कालपासून मी एकदाही आवाज चढवलेला नाही, एवढं तरी सांग तिला.

म्हणाला, ते नको रे सांगायला, कॅझ. ते ऐकलं तर आणखी रडेल.