नळीत निळा रंग आला ती सकाळ

आई, आज सकाळपासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय आणि बोलायला तू नाहीस, म्हणून लिहितेय. माझी सत्तरी उलटली. ज्या पोरीला शेजारणी शेवटचं बघून जात होत्या, ती मी सत्तरी ओलांडून बसलेय, हे तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

साल साठ-एकसष्ट असावं. यवतमाळला कापसाच्या जिनिंग कारखान्याजवळच्या एका खोलीत आपण राहायचो. तू त्या जिनात कापसातली सरकी काढायच्या कामावर, बाबा राजूरच्या कोळसा खाणीत, कधीमधी घरी येणारे. मी नऊ वर्षांची. तांब्यामागून तांब्या पाणी पीत होते आणि काडीसारखी वाळत होते. न्हाणीत मी लघवी केली की मुंग्या जमायच्या. कुणी करणी म्हणालं. तू म्हणालीस, "करणी-बिरणी धम्म घेतला तवाच सोडली आपन," आणि मला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलंस. मला आठवतो तो फक्त तुझ्या पदराला चिकटलेला कापूस. मग शुद्ध गेली.

शुद्धीवर आले तेव्हा तू डॉक्टरीणबाईंशी वाद घालत होतीस. "बाई, साखरेचा रोग तं मोठ्या पोटाच्या लोकायले होते. ह्या पोरीच्या अंगात कुठून आली?" बाई शांतपणे म्हणाल्या, "लहान मुलांचा मधुमेह वेगळा असतो. हिच्या शरीरात इन्शुलिनच तयार होत नाही. रोज सुई द्यावी लागेल, जन्मभर. पण दिली तर ही शाळेत जाईल, खेळेल, मोठी होईल." तू त्यातलं शेवटचंच ऐकलंस. "मंग मले शिकवा सुई द्याले."

आणि शिकलीस. आपली चूल आठवते? एकीकडे भाकर, एकीकडे काचेची सिरिंज उकळायला ठेवलेली. इन्शुलिनची बाटली ओल्या फडक्यात, गार मडक्यात. सुईआधी लघवीची तपासणी. काचेच्या नळीत निळं औषध तापवायचं, त्यात लघवीचे थेंब टाकून पुन्हा उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. मग हिरवं, पिवळं, आणि साखर फार असली तर विटकरी. माझी नळी रोज विटकरी. एका सकाळी मी हटून बसले. "मीच कायले? आधी तू कर." मला समजवायला तू हसत म्हणालीस, "बरं, माह्यी नळी पाह्य कशी निळी राह्यते ते." नळी चुलीवर धरलीस. ती माझ्यापेक्षा लाल झाली.

तुला वाटलं नळ्यांची अदलाबदल झाली. दुसरी धुऊन पुन्हा केलीस. तीही लाल. मग मी तुझ्या पायाकडे पाहिलं. चुलीतला निखारा पायावर पडून झालेली जखम महिना झाला तरी ओली होती, आणि तू म्हणायचीस, दुखत नाही तर बरीच होऊन राह्यली. तशीच दवाखान्यात गेलो. बाईंनी पाय पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "मुलांवर हा आजार झडप घालतो, मोठ्यांना आतून पोखरतो. पायाची जाणीव गेलीय, म्हणून दुखत नाही. आणखी थोडे दिवस गेले असते तर पाय कापावा लागला असता." करंगळी गेली. पाय वाचला. दवाखान्यातून परतताना सायकलरिक्षात तू मला जवळ ओढून म्हणालीस, "तुह्या हट्टानं वाचली मी."

त्यानंतर आपली शर्यतच लागली. तुझ्या गोळ्या, माझी सुई, दोघींचं पथ्य, आणि रोज सकाळी चुलीपुढे शेजारी शेजारी दोन नळ्या. विटकरीवरून नारिंगी, नारिंगीवरून पिवळी. तू एकदा हिरव्यावर पोहोचलीस तर मला जेवण गोड लागेना. आणि मग ती सकाळ आली. माझ्या नळीतलं औषध उकळतंय, मी श्वास रोखून बसलेय, बुडबुडे येतायत, आणि रंग बदलत नाही. निळा. तसाच निळा. मी ओरडत अंगणात पळाले. शेजारणींना वाटलं, तूच गेलीस. तू मागून लंगडत आलीस, एका हातात नळी उंच धरून, दुसऱ्या हाताने डोळे पुसत, आणि सगळ्या अंगणाला दाखवत सुटलीस, "पाहा, पाहा, निळी हाय." लघवीची नळी इतक्या मानाने आपल्या वस्तीत कधी कुणी मिरवली नसेल.

मी शाळेत गेले, खेळले, मोठी झाले. माझ्या पोटात तुझी नात होती तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी धोका सांगितला. तू नऊ महिने माझ्या उशाशी राहिलीस. तुझ्या मूत्रपिंडांनी शेवटी दगा दिला, पण नातीला शाळेत सोडायला तू गेलीस ती स्वतःच्या दोन्ही पायांवर.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? घडी करून साड्यांच्या कपाटात ठेवेन. लोक म्हणतात, बिचारीला लहानपणीच हा आजार जडला. मी नुसती मान डोलावते. खरं तुलाच सांगते, आई. जिनाच्या भोंग्याआधी रोज सकाळी तू फक्त माझी होतीस, आणि त्या वेळेच्या बदल्यात निरोगी बालपण कुणी देऊ केलं असतं तर मी घेतलं नसतं.