बाजूच्या झाकणाचा बोल्ट

अप्पा, हेडमास्तरांच्या गाडीचं तेल कुठून गळत होतं ते परवा सापडलं. तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली, आणि ही बातमी ज्याला सांगावी असं माणूस मला या गावात दुसरं कोणी दिसत नाही. आईला सांगायला गेले तर ती म्हणाली, "अजून आहे ती गाडी?" आणि पुन्हा टीव्हीकडे वळली. हे मी देवनागरीत लिहिते आहे. आपल्या शाळा तमिळ, त्यामुळे ही लिपी तुम्हाला येत नव्हती, मलाही नव्हती. नोकरी लागल्यावर इथल्या मराठी राजांच्या जुन्या राजवाड्याजवळच्या एका म्हाताऱ्या पंतांकडे वर्षभर जाऊन शिकले. त्यांच्याकडे शिकलेलं म्हणून हे मराठी जरा पुस्तकी वाटेल. आपण घरात बोलायचो ते अर्धं तमिळ मिसळलेलं मराठी बोलायला आता आईच उरली आहे, आणि तिचं माझं बोलणं जेवणापुरतं होतं.

मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. मेकॅनिकल विभागात बाई मी एकटी. बाकीचे सर दुपारी एकत्र डबा खातात आणि नव्या गाड्यांबद्दल बोलतात. मी गेले की बोलणं थांबतं, कोणीतरी अदबीने खुर्ची देतं, आणि मग कोणालाच काही सुचत नाही. म्हणून मी माझा दहीभात वर्कशॉपमध्ये लेथच्या शेजारी बसून खाते. वाईट कोणी वागत नाही. तक्रार करावी असं काहीच नाही, म्हणून ती कोणाकडे करताही येत नाही.

गेल्या महिन्यात हेडमास्तरांनी निरोप पाठवून बोलावलं. पायऱ्या चढते तोच म्हणाले, "वाम्मा, ये, मेस्त्रीची पोर. मुलगा म्हणतो नवी छोटी गाडी घ्या. आमच्या वेळी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघायचो, आता म्हणे दुकानात जाऊन रंग निवडायचा. ही जुनी तुमच्या पोरांना शिकायला देऊन टाकतो. पण आधी तिचं गळणं थांबव. फुकट दिली आणि वर अंगणभर तेल सांडते, असं व्हायला नको." मग ते वाक्य बोलले, जे मी दहा वर्षं ऐकत आले आहे. देवळात भेटले तरी बोलतात, बसस्टँडवर भेटले तरी बोलतात. "तुझ्या अप्पाची इंजिनं अजून धावतायत गावात. हे एकच बिघडलं त्याच्या हातून." ते प्रेमाने म्हणतात. पण मला ते सहन होत नाही. मी गाडी पदरात घेतली ती एवढ्यासाठीच. तुमच्या हातून बिघडलं नव्हतं, हे मला त्यांना दाखवायचं होतं.

ते इंजिन तुम्ही बांधलंत तो उन्हाळा मला आठवतो. बारावीचा निकाल लागला होता, कॉलेजचं पत्र यायचं होतं. मी रोज शेडवर येऊन बसते, पत्रा तापलेला असतो, तुम्ही बनियनवर असता आणि एकेक रिंग पिस्टनवर चढवताना श्वास रोखून धरता. नातेवाईक म्हणायचे, राजवाड्यात कारकुनी केलेल्या घराण्यातला माणूस, आणि याचे हात बघा. तुम्ही ते हात रॉकेलने धुऊन, साबणाने धुऊन, मग कॉफीचा पेला उचलायचात. बोल्ट आवळून झाला की त्यावर आणि खालच्या भागावर मिळून पिवळ्या ऑइलपेंटची एक बारीक रेघ मारायचात. बोल्ट हलला तर रेघ तुटते आणि लगेच कळतं. असं करणारा दुसरा मेस्त्री मी अजून पाहिला नाही. त्या उन्हाळ्यात तुम्ही मला माझा स्वतःचा पाना दिलात, कागदात गुंडाळून. म्हणालात, "कॉलेजात पुस्तकं देतील. हे देणार नाहीत."

दिवाळीच्या सुट्टीत मी परत आले तेव्हा गाडी शेडमध्ये उभी होती. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडतात तिथून तेलाचे थेंब पडत होते. तुम्ही म्हणालात, धुऊन घेऊ, तांदळाचं पीठ मारू, मग पाहू. जिथून तेल येतं तिथे पीठ आधी भिजतं, ही तुमची पद्धत. मी हसले. चार महिन्यांचं कॉलेज झालं होतं माझं. पुस्तकातलं चित्र उघडून दाखवलं आणि सांगितलं की इथून थेंब पडतात म्हणजे मागचं ऑइल सीलच गेलंय, पीठ कशाला. तुम्ही कपाळाला आठ्या घालून म्हणालात, "आधी धू. मग बघ. मग बोल." मी रुसून घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहते तर तुम्ही गोणपाटावर पाठ टेकून गाडीखाली शिरला आहात आणि गिअरबॉक्स उतरवता आहात. शेजारच्या टायरवाल्याला खालूनच सांगता आहात, "माझी पोर इंजिनिअरिंगला आहे. ती म्हणते सील." घरात कॉलेजला गेलेलं माझ्याआधी कोणी नव्हतं. माझा शब्द घरात खोडून काढणारं कोणी राहिलंच नव्हतं, तुम्हीसुद्धा नाही.

सील बदललं, तेल गळतच राहिलं. पोंगलला पुन्हा गिअरबॉक्स उतरवला, पुन्हा नवं सील. मग हेडमास्तर गाडी तिरुच्चीला घेऊन गेले. तिथेही त्यांनी सीलच बदललं म्हणे. पुढच्या आडी-आषाढात तुम्ही गेलात.

आता मी तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं. रॉकेल आणि ब्रश घेऊन दोन दिवस इंजिन धुतलं. आईकडे तांदळाचं पीठ मागितलं तर तिने विचारलं, "दारात कोलम काढायला?" मी म्हटलं, "इंजिनला लावायला." ती म्हणाली, "बाप तसाच, लेक तशीच. दळून आणायला मी आहेच." पण डबा भरून दिला. फडक्याच्या पुरचुंडीतून सगळीकडे पीठ मारलं. गाडी जागेवर चालू ठेवली तर थेंबसुद्धा नाही. ओरत्तनाडुच्या रस्त्याने लांब नेऊन आणली तर सगळंच भिजलेलं, काही कळेना. एक्झॉस्टच्या गरम पाइपावर पीठ भाजून वास मात्र छान सुटला. तिसऱ्या दिवशी पुन्हा धुतलं, पुन्हा पीठ मारलं आणि कालव्याच्या पुलापर्यंतच नेऊन रस्त्याच्या कडेला थांबले. बॉनेट उघडून, वाकून, हातातला छोटा आरसा पाइपाच्या मागे धरला. एक सायकलवाला थांबून म्हणाला, "अक्का, मेकॅनिकला बोलावू का?" मी म्हटलं, नको. पाइपामागे इंजिनाच्या कुशीला एक पत्र्याचं झाकण असतं, मधोमध एकच बोल्ट. त्या झाकणाच्या खालच्या कोपऱ्यापासून भिजलेली बारीक काळी वाट निघाली होती आणि कडेकडेने मागे जाऊन नेमकी गिअरबॉक्सच्या जोडावर उतरत होती. सील शेवटपर्यंत चांगलंच होतं.

पाइप सोडवून झाकणाशी पोचले. पत्रा मधे खोल गेला होता आणि कडा उचलल्या होत्या, म्हणून आतलं कॉर्कचं पॅकिंग धरत नव्हतं. वरचा मळ पुसला तर तुमची पिवळी रेघ दिसली. झाकणावर होती आणि बोल्टवरही होती, पण दोन्ही तुकडे जुळत नव्हते. बोल्ट तुमच्या रेघेनंतर जवळजवळ अर्धा फेरा आणखी फिरला होता.

आणि मग मला ते आठवलं, जे इतकी वर्षं एकदाही आठवलं नव्हतं. तुम्ही ते झाकण बसवलं, रेघ मारली आणि म्हणालात, "बस. पत्रा आहे, लोखंड नव्हे." मग कॉफीला गेलात. माझ्या हातात माझा नवा पाना होता. मला वाटलं, एवढं हलकं कसं पुरेल. वाटलं, मीही काहीतरी पक्कं करून ठेवावं. पाना लावला आणि जोर दिला. हाताखाली काहीतरी किंचित दबल्यासारखं झालं, तेही आता आठवतं. तुम्ही परत आलात तेव्हा मी पाना पुसत होते. मग त्या झाकणावरून पाइप चढला आणि ते दिसेनासं झालं. तुम्ही ती तुटलेली रेघ पाहिली असती तर गाडी तशी जाऊ दिली नसतीत, हे मला ठाऊक आहे. म्हणजे तुम्हाला कळलं नाही. तुम्ही माझं ऐकून दोनदा गाडीखाली झोपलात, आणि तुमचाच हात चुकला असं समजून गेलात.

झाकण ठोकून सरळ केलं, नवं पॅकिंग घातलं, तुम्ही ठेवायचात तेवढंच आवळलं. दोन दिवस गाडी चालवली, खाली कोरडं. काल संध्याकाळी हेडमास्तरांना सांगायला गेले. ते व्हरांड्यात बसले होते. "काय निघालं मग?" मी म्हटलं, "सील नव्हतंच, सर. बाजूच्या झाकणाचा बोल्ट जास्त आवळलेला होता. पत्रा वाकला होता." त्यांनी चष्मा काढला, पंच्याने पुसला. म्हणाले, "मेस्त्रीचा हात तर हलका होता. पण वय झालं की अंदाज चुकतो. जाऊ दे, शेवटी पोरीने बापाचं काम पुरं केलं." आणि हसले. आत वळून बायकोला म्हणाले, "ऐकलंस का, मेस्त्रीच्या पोरीने शोधून काढलं. तिरुच्चीवाल्यांना जमलं नाही."

वर्गात मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगते, चूक ज्याची त्याने स्वतःच्या हाताने वहीत लिहायची, मी गुण कापणार नाही. काल माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. मला एवढंच म्हणायचं होतं की सर, तो बोल्ट मी आवळला. पण मग मला त्यांचं पुढचं वाक्यही ऐकू आलं, की पोरीच्या हाती पाना दिला म्हणून असं झालं, आणि ते वाक्य कॉलेजपर्यंत, त्या खुर्ची देणाऱ्या सरांपर्यंत पोचलेलंही दिसलं. त्यांच्या बायकोने कॉफी आणून दिली. मी ती प्यायले. पगार किती, लग्नाचं काय, असं त्या विचारत राहिल्या आणि मी उत्तरं देत राहिले.

उद्या जाऊन सांगेन असं लिहिणार होते, पण ते खरं आहे की नाही हे मला माहीत नाही, म्हणून लिहीत नाही. आणि हे कागद पाठवायचे तरी कुठे. एवढं मात्र तुम्हाला सांगते. काल त्यांच्या पायऱ्या उतरले तेव्हा मला लाज वाटली, पण आधी, क्षणभर, सुटल्यासारखं वाटलं होतं.