अकरा एकांची संख्या

मी, त्र्यंबक केशव पोतनीस, वय ७९, निवृत्त गणित शिक्षक, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शंका असल्यास एकोणतीसचा पाढा विचारावा.

१. राहते घर आणि बँकेतील ठेव मुलगी भैरवी हिला. तिने घर विकले तरी माझी हरकत नाही, असलीच तरी तेव्हा ऐकू येणार नाही.

२. फळ्यावरचा लाकडी कंपास आणि कोनमापक शाळेला. माजी मुख्याध्यापक हंबीरराव यांना काहीही नाही. त्यांनी गणिताचे तास स्नेहसंमेलनाला दिले.

३. आता मुख्य गोष्ट. दोन एक शेजारी मांडले की होणारी संख्या अविभाज्य आहे. एकोणीस एकांची आहे, तेवीस एकांचीही आहे. अकरा एकांची, म्हणजे १११११११११११, हीसुद्धा अविभाज्य आहे असे मी चार वर्षे हाताने भागाकार करून ठरवले आणि वर्गाच्या भिंतीवर रंगवून घेतले.

१९९९ साली नववीतल्या अक्षता धनवडे हिने दाखवले की तिला २१६४९ ने पूर्ण भाग जातो, उत्तर ५१३२३९. मी न तपासता तिचा कागद फाडला आणि राज्य गणित परीक्षेच्या यादीतून तिचे नाव खोडले. तिचे वडील बाळासो हातकणंगल्याहून आले. म्हणाले, "सर, पोरीनं चारदा मांडलंय. तुमी एकदा मांडून बघा की." मी त्यांना दारातच उभे केले आणि विचारले, "शिकवायचं आम्ही की तुम्ही?"

२०१२ मध्ये जुनी वही उघडली. २१६४९ ला नवाने गुणताना हातचे आठ धरायचे तिथे मी सात धरले होते, म्हणून बाकी दहा उरली होती. चूक माझी. ती कळून तेरा वर्षे गप्प बसलो, याची मला लाज वाटते.

४. अक्षता आता आजऱ्याला गणित शिकवते. तिला काही देत नाही, कारण तिला साक्षीदार म्हणून बोलावले आहे आणि साक्षीदाराला लाभ नसावा असे वकील म्हणाले.

५. (हे कलम नंतर लिहिले.) अक्षता आली. तिने तिसरे कलम दोनदा वाचले. म्हणाली, "सर, हे तुमी गेल्यावर उघडणार. माझं बाबा अजून जित्तं हायत. त्यांना आज सांगा, मग सही करते."

दुपारच्या एसटीने आम्ही दोघे हातकणंगल्याला गेलो. बाळासोंच्या दारात उभा राहून सगळे सांगितले, माफी मागितली. ते म्हणाले, "सव्वीस वर्सं लागली व्हय सर, एका भागाकाराला?" मग आत बोलावले, चहा दिला आणि पेन मागितला.

लिहून देणार: त्र्यंबक केशव पोतनीस

साक्षीदार:
१. अक्षता बाळासो धनवडे
२. बाळासो गुंडू धनवडे

दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५
ठिकाण: कोल्हापूर (खोडले) हातकणंगले